वेडिंगमध्ये घर घेताय? आधी खिडकी उघडायला शिका

दरवर्षी ऑक्टोबरात बर्लिनमध्ये नवी मराठी मंडळी उतरतात आणि महिन्याभरात मला कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, वेडिंगमध्ये घर मिळतंय. पण ऑफिसातले म्हणतात, तो एरिया बरा नाही. घेऊ का?"

घ्या. मी अकरा वर्षं इथेच राहतेय. (आईला पहिल्यांदा फोनवर "वेडिंगला राहायला चाललेय" असं सांगितलं तेव्हा तिने "कुणाच्या?" असं विचारलं होतं.)

"ऑफिसातले" म्हणजे बहुतेक वेळा आपलेच लोक. शहराच्या टोकाला, नव्या इमारतीत, सोफ्यासकट सजवलेलं घर घ्यायचं, अर्धा पगार भाड्यात घालायचा आणि मग वेडिंगबद्दल मत द्यायचं. "एरिया बरा नाही" याचा खरा अर्थ तिथे तुर्की, अरब आणि आफ्रिकी माणसं राहतात, एवढाच असतो. मुंबई-पुण्यात "नॉनव्हेज खाता का?" असं विचारून ज्यांना घर नाकारलं गेलं, तेच इथे येऊन हे बोलतात तेव्हा मला हसू येतं आणि संतापही येतो. एक मात्र खरं. लेओपोल्डप्लाट्झ या वेडिंगच्या चौकात दारू आणि नशेच्या आहारी गेलेली माणसं दिवसाढवळ्या बसलेली दिसतात, आणि फेब्रुवारी 2025 पासून तिथे चाकू बाळगायला पोलिसांची बंदी आहे. मी रात्री तो चौक टाळून बाजूच्या रस्त्याने घरी येते. अकरा वर्षांत मला कुणी हात लावलेला नाही, पण तुम्ही घर ठरवण्याआधी रात्री दहाला एकदा तिथून चालत जा आणि मग ठरवा.

ठिकाण म्हणाल तर मध्यवर्ती. त्या चौकात दोन मेट्रो एकमेकींना छेदतात. ऊ-6 ने निघालात तर सहावं स्टेशन फ्रीडरिशश्ट्रासे, ऊ-9 ने निघालात तर सहावं स्टेशन झू. भिंत होती तेव्हा वेडिंग पश्चिमेकडे, पण तिच्या अगदी काठाला होतं. भिंत गेली आणि काठाचं घर शहराच्या मधोमध आलं.

मी लालबागची, म्हणून मला इथे पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं असावं. आ-ए-गे, ओसराम, शेरिंग अशा कारखान्यांच्या कामगारांनी वसलेला हा भाग. रस्त्याकडे पुढचं घर, मग वाड्यासारखा आतला चौक, मग मागचं घर, कधी त्याच्याही मागे आणखी एक चौक. चाळीसारखी गॅलरी नाही, पण चौकात कुणी भांडलं तर चारही बाजूंना ऐकू जातं. पुढचं घर महाग आणि गोंगाटाचं, मागचं स्वस्त आणि शांत. मागच्या घरात पहिल्या मजल्यावर डिसेंबरात दुपारीही दिवा लावावा लागतो. तेव्हा मागचं घर घ्या, पण तिसऱ्या मजल्याच्या खाली नको. लिफ्ट नसेलच. गुडघे चांगले आहेत तोवर चढा.

"स्वस्त" शब्दावर फार जाऊ नका. पंधरा वर्षांपूर्वीचा करार असलेली माझी शेजारीण जे भाडं भरते, ते ऐकून तुम्हाला रडू येईल. नव्या करारांना सरकारी लगाम आहे: त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. पण 1 ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं यातून सुटतात, थोड्या मुदतीसाठी दिलेली घरंही. म्हणून तर सगळीकडे "सहा महिन्यांसाठी, फर्निचरसह" अशा जाहिराती दिसतात.

कागदपत्रं: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, पासपोर्ट, शूफाचा उतारा (तुम्ही उधारी वेळेवर फेडता का, याची नोंद). नव्याने आलेल्यांचा शूफा कोराच असतो, त्याची लाज वाटून घेऊ नका, तसं पत्रात लिहून टाका. किल्ली हातात येण्याआधी परदेशी खात्यावर पैसे मागणारा मालक हा मालक नसतो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, आणि तिला मालकाचा सहीचा कागद लागतो. तो कागद द्यायला जो तयार नाही, त्याचं घर कितीही गोड असलं तरी सोडा. जाहिरातीतलं भाडं काल्ट (हीटिंग आणि इमारतीचा खर्च सोडून) आहे की वार्म (तो धरून) ते बघा, आणि वार्म असलं तरी विचारा की हीटर इमारतीचा आहे की घरातल्या गॅसवरचा. घरातला असेल तर गॅसचं बिल वेगळं, तुमच्या नावावर. स्वयंपाकघरात ओटाही नसेल, छतातून वायरी लोंबत असतील. घर लुटलेलं नाही, इथे ते असंच देतात.

आता मुख्य गोष्ट, जी मला 1,380 युरोंना शिकावी लागली.

माझं पहिलं घर मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. हिवाळ्यात बिल वाढू नये म्हणून हीटर एकवर, खिडक्या घट्ट बंद, वर फटीत टॉवेल कोंबलेला. रोज कुकरच्या पाच शिट्ट्या, भाताची वाफ, फोडणी. धुतलेले कपडे खोलीतच स्टँडवर. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवलेलं, म्हणजे जागा वाचते. फेब्रुवारीत मोजा शोधायला कपाट ओढलं तर मागे भिंतभर काळी बुरशी.

मी काय केलं? दुकानातून पांढरा रंग आणून फासला. दोनदा. मालकाला कळवलं नाही, कारण मला वाटलं तो मलाच बोलेल. तीन वर्षांनी घर सोडताना त्याच्या माणसाने कपाटाची जागा बरोबर हेरली, नखाने रंग खरवडला आणि एक कागद पुढे केला. युबरगाबेप्रोटोकोल, घर ताब्यात देतानाचा तपशील. त्यात "बुरशी भाडेकरूच्या वापरामुळे, खर्च भाडेकरूकडे" अशा अर्थाचं वाक्य होतं. मला अर्धं कळलं, ट्रेन गाठायची होती, सही केली. नंतर भाडेकरू संघटनेच्या वकीलबाईंनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, भिंत मुळातच थंड आणि जुनी आहे हे आपल्याला मांडता आलं असतं, पण तुम्ही लेखी कबूल करून बसलात.

म्हणून सांगते, आणि दरवेळी सांगते. खिडकी उघडा. किलकिली नव्हे. जर्मन खिडकीला वरून तिरकी करायची सोय असते, आपले लोक ती दिवसभर तशी ठेवतात आणि समजतात हवा खेळतेय. हिवाळ्यात त्याने फक्त भिंत गार पडते आणि बुरशीचं आणखी फावतं. खिडकी सताड उघडा, समोरासमोरच्या दोन्ही, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तेवढा वेळ हीटर बंद. स्वयंपाक झाल्यावर लगेच, अंघोळीनंतर लगेच. बाहेर उणे पाच असलं तरी. थंड हवेत ओल कमी असते, ती आत येऊन तापली की घर कोरडं होतं. माझ्या सासूबाईंना हे तीन हिवाळे पटलं नाही. हीटर पूर्ण बंद ठेवून कामाला जाऊ नका, भिंती गारठल्या की वाफ तिथेच बसते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच बोटं लांब. कपड्यांसाठी तळघरात किंवा माळ्यावर वाळवायची जागा आहे का ते हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, विचारा. हवेतली ओल दाखवणारं छोटं यंत्र दहा-पंधरा युरोंना मिळतं. आकडा साठच्या वर रेंगाळू देऊ नका.

एवढं करूनही डाग दिसला तर फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. कळवणं हे कायद्यानेच तुमच्यावर आहे. लपवलंत तर दोष तुमचा. घर बघायला जाल तेव्हाही ताज्या रंगाच्या वासाने खूश होऊ नका, खिडकीखालचा कोपरा हाताने चाचपा. मी आता लोकांच्या घरी चहाला गेले तरी चाचपते. घर घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा तो प्रोटोकोल शब्दन् शब्द कळल्याशिवाय सही नाही. जर्मन येणारं माणूस बरोबर न्या, कुणी नसेल तर मला बोलवा. भाडेकरू संघटनेचे सभासद आल्या आल्या व्हा. भांडण पेटल्यावर झालात तर वकिलाच्या खर्चाचा विमा त्या जुन्या भांडणाला लागू होत नाही.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. मागितला तर मालक नाराज होतात, तरी मागा.

न्हाणीघराच्या फरशीला बहुधा जाळी नसते. बादलीने पाणी ओतून फरशी धुतलीत तर ते खालच्यांच्या छतातून टपकतं. नागपूरहून आलेल्या एका मुलाने पहिल्याच रविवारी हे करून दाखवलं. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा, हाफ्टफ्लिष्ट, वर्षाला थोडक्या पैशांत मिळतो. तो आधी, गाद्या नंतर.

भाजीची काळजी नको. म्युलरश्ट्रासेच्या तुर्की दुकानांत भेंडी, वांगी, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या मिळतात. फक्त हुंगून घ्या. शेजारी अगदी तशीच दिसणारी पार्सली असते, आणि मी तिची चटणी एकदा दहा पाहुण्यांना वाढलेली आहे.

आणि बेलवर नाव. बर्लिनच्या पत्त्यात इमारतीचा नंबर असतो, फ्लॅटचा बहुधा नसतोच, पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नवऱ्याचंच आडनाव लावून बायकोचं पासपोर्टावरचं माहेरचं आडनाव राहिलं, की तिचं बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, परदेशी लोकांच्या व्हिसाचं बघणाऱ्या कचेरीची तारीख सगळं परत जातं. माझं तसं दोन महिने जात होतं आणि मी पोस्टाला शिव्या देत होते. आता आमच्या पेटीवर दोन आडनावं आहेत, आणि सासूबाई उन्हाळ्यात येतात तेव्हा चिकटपट्टीवर तिसरं.