लहान मुलांचे दात घासताना या चुका टाळा

"डॉक्टर, दुधाचाच दात आहे, पडणारच आहे ना!" फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात हे ऐकल्याशिवाय माझा एक आठवडा जात नाही. अहो, सहाव्या-सातव्या वर्षी पडतात ते पुढचे दात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर पुढची सहा-सात वर्षे त्याने चावायचे कशाने? ती वेळेआधी काढली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालचा पक्का दात वाट मिळेल तिथून वाकडा येतो.

एकदा चतुर्थीच्या चार दिवस आधी सावईवेऱ्याचे एक जोडपे सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. गाल सुजलेला. वडील म्हणाले, "दुधाची दाढ आहे, काढून टाका, सणात त्रास नको." तोंडात पाहिले आणि मी गप्पच झाले. ती सहाव्या वर्षाची दाढ होती, जन्मभर टिकायची. ही दाढ दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. वर येताना ती शेजारणीपेक्षा ठेंगणी असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. आई रडवेली होऊन सांगत होती, "रोज दोन वेळा घासतो हो तो." घासत होता, खरेच. पण एकटा. दाढ इतकी पोखरली होती की वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. सूज उतरल्यावर ती मला काढावी लागली. सात वर्षांच्या मुलाची पक्की दाढ हातात घेताना आजही मला वाईट वाटते.

मूल पाच वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे बोट फिरवून पाहा. नवी दाढ दिसली की तिथे ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून घासा.

दुसरी चूक याच गोष्टीत आली: ब्रश मुलाच्या हातात देऊन आपण चहा ठेवायला जाणे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे मनगट नीट वळत नाही. त्याला आधी हौसेने घासू द्या, मग तुम्ही घासा. माझ्या मुलीला मी जमिनीवर बसून, तिचे डोके मांडीवर घेऊन घासायचे. वरून सगळे स्वच्छ दिसते. रात्रीचे जेवण आटोपले की लगेच, डोळ्यांवर झोप यायच्या आत. त्यानंतर फक्त पाणी. "तीन दिवस रडला, म्हणून सोडून दिले" असे सांगणाऱ्या पालकांवर मी चिडते. आंघोळीलाही मूल रडते, ती सोडता का?

दूध पीत झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, खालचे जिभेआड वाचतात. बाटली झोपेआधी संपवा.

पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि फ्लोराइडची. थुंकायला सांगा, पण पेलाभर पाण्याने खळखळून चूळ भरू देऊ नका. फ्लोराइड धुऊन जाते.

लिंबू-मीठ, कोळशाची पूड, आजीचे लाल दंतमंजन: मुलांच्या दातांवर नको. बॅटरीचा ब्रश आणला म्हणून आईची सुट्टी होत नाही.

जत्रेतले खाजे आणि चतुर्थीच्या नेवऱ्या बंद करा असे मी कधीच म्हणत नाही. जेवणाबरोबर एकदाच द्या. डबा उघडा ठेवून दिवसभर चरू देऊ नका. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, यावर कीड ठरते.

आणि दर रविवारी मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण. तेव्हा या. त्या वेळी फ्लोराइडचा लेप लावून बरेचदा काम भागते, ड्रिल लागत नाही. काळा खड्डा पडल्यावर आलात, तर मूल खुर्चीत रडणार आणि तुम्ही बाहेर.