पुण्यात राहून जलाशयावरच्या बोटीची बॅटरी कशी सांभाळावी

पानशेत, पवना किंवा मुळशीच्या जलाशयावर परवानगीने बोट ठेवणारे अनेक जण पुण्यात राहतात आणि सुट्टीच्या दिवशीच तिकडे जातात. परगावी जाणे निघाले, की बोट महिना-दोन महिने एकटीच राहते. अशा वेळी चार्जर लावून निघून जाण्याचा मोह होतो, परंतु माझ्या मते तो शेवटचा पर्याय असावा. चांगल्या स्थितीतील लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून, तिच्या तारा सोडवून ठेवली, तर एवढा काळ ती कोणत्याही चार्जरशिवाय सहज टिकते.

नुसती ठेवलेली साधी, पाणी घालण्याची बॅटरी २५ अंश तापमानाला दरमहा सुमारे ३ ते ५ टक्के उतरते आणि तापमान दर १० अंशांनी वाढले, की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत बोटीच्या बंद, तापलेल्या कप्प्यापेक्षा घरातील सावलीची जागा तिला मानवते. निघण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावे, काही तास थांबावे आणि मग मल्टिमीटर लावावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण आणि १२.२ म्हणजे अर्धी. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिल्यास प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच घालावे, कारण चार्ज होताना आतील द्रव वर चढतो आणि आधीच काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर सांडते. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे.

तारा सोडवताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि ऋण टर्मिनल आधी मोकळे करावे. जोडताना धन आधी, ऋण शेवटी. केवळ मुख्य स्विच बंद करण्यावर विसंबू नये, कारण स्टिरिओची मेमरी किंवा अलार्म यांची जोडणी अनेकदा स्विचच्या आधीच केलेली असते. अशी अवघ्या ५० मिलिॲम्पिअरची गळती दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ ॲम्पिअर-तास खाते, म्हणजे १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग.

बोट पाण्यातच राहणार असेल, तर तळाचे पाणी उपसणारा बिल्ज पंप मात्र जोडलेलाच ठेवावा लागतो आणि खरी अडचण पावसाळ्यात येते. ३ ॲम्पिअर घेणारा पंप १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी सुमारे १६ तासांत निम्मी करतो. २० वॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला जेमतेम ५-६ ॲम्पिअर-तास भरून देते आणि मुळशीकडे पावसाची झड लागली, की त्याचा थोडासाच अंश उरतो; पंपाला सर्वाधिक काम असते, नेमके तेव्हाच पॅनल सर्वांत दुबळे असते. त्यामुळे पॅनल चार्ज कंट्रोलरसह (बॅटरी जादा भरू न देणाऱ्या उपकरणासह) जरूर लावावे, तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा, परंतु भरवसा उताराने ताणलेल्या ताडपत्रीवर ठेवावा. शक्य असल्यास जूनपूर्वीच बोट पाण्याबाहेर काढावी.

काठावरच्या विजेवर चार्जर ठेवणे अटळ असेल, तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग यांविना ते करूच नये. धरणाचे पाणी गोडे असते आणि गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज सहज वाहते, त्यामुळे पाण्यात उतरलेली गळती पोहणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. चार्जर बॅटरीच्या प्रकाराला साजेसा, आपोआप फ्लोटवर येणारा, म्हणजे बॅटरी भरल्यावर कमी व्होल्टेजवर उतरून ती नुसती भरलेली राखणारा असावा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी हा फ्लोट साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट असतो. गॅरेजमधील साधा चार्जर देखरेखीविना सोडू नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्याने कप्प्याला वरच्या बाजूस झरोका हवा. हीच दक्षता घरीही घ्यावी: बॅटरी उभीच न्यावी, हवेशीर गॅलरीत चार्ज करावी, झोपण्याच्या खोलीत नव्हे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा नियम निराळा आहे. ती सुमारे निम्मी भरून, तारा सोडवून ठेवावी. तिला फ्लोटची गरज नसते.

परतल्यावर आधी झाकणे उघडून कप्प्यात हवा खेळू द्यावी आणि मगच एखादा स्विच दाबावा. सडक्या अंड्यांसारखा वास आला किंवा बॅटरी फुगलेली, तापलेली दिसली, तर चार्जरच्या क्लिपांना हात न लावता काठावरचा मुख्य पुरवठा बंद करावा, बॅटरी पूर्ण थंड होईपर्यंत दूर थांबावे आणि ती पुन्हा चार्ज न करता बदलून घ्यावी.