साहाय्यक साधनांसाठी अर्ज कसा करावा

जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांसारख्या साधनांची गरज आहे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२२ चा अहवाल सांगतो. मात्र बीड किंवा हिंगोलीच्या गरजूसाठी सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे दिव्यांगांना अशी साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आणि ही साधने बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरे.

प्रथम स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. गेल्या तीन वर्षांत सरकारी मदतीने साधन घेतलेले नसावे. बारा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ही मुदत एकच वर्ष आहे, आणि ते योग्यच, कारण वाढत्या पायाला जुने कॅलिपर (पायाला आधार देणारे साधन) पुरत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा.

शिबिरात साधनासाठी मोजमाप होताना संकोच न करता घरापर्यंतची वाट कशी आहे ते सांगावे, कारण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत खुर्चीची लहान चाके रुततात. कृत्रिम पाय हवा असल्यास १९७५ पासून ‘जयपूर फूट’ मोफत बसवणाऱ्या जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडेही चौकशी करावी.