सोन्या-चांदीची नाणी घ्यावीत की बिस्किटं? निवड कशी करावी

गुंतवणुकीसाठी सोनं-चांदी घ्यायला गेलं की आपण आधी विचारतो, "आजचा भाव काय?" त्याआधी एक प्रश्न विचारा: "हीच वस्तू आत्ता तुम्हालाच परत दिली, तर मला किती मिळतील?" विक्रेत्याने याचं सरळ, आकड्यात उत्तर दिलं तर पुढे बोला. उडवाउडवी केली तर दुसरं दुकान बघा. घेताना विकण्याचा दिवस डोळ्यांसमोर असला की बाकीची निवड खूप सोपी होते.

घेतानाचा आणि परत देतानाचा भाव यांतला हा फरक कागदावर मांडून बघा. समजा, नाण्यातल्या धातूची किंमत 100 आहे, तुम्हाला ते 104 ला मिळतं आणि दुकानदार 98 ला परत घेतो. म्हणजे धातूचा भाव सहा टक्क्यांहून थोडा जास्त वाढला, तरच तुमची मुद्दल सुटते. आता हेच चांदीच्या छोट्या नाण्याचं बघू. 115 ला घेतलं आणि 95 ला परत गेलं, तर भाव साधारण 21 टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण चांदीत हा फरक टक्केवारीने मोठा असतो, कारण नाणं पाडायचा खर्च दोन्ही धातूंना जवळपास सारखाच येतो आणि चांदी स्वतः स्वस्त असते. त्यात कराचीही भर पडू शकते. युरोपीय संघात गुंतवणुकीच्या सोन्यावर मूल्यवर्धित कर नाही, चांदीवर मात्र आहे. आपल्या देशाचा नियम खरेदीआधी पाहून घ्या. विकताना नफ्यावर कर किती, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

यानंतर धातू ठरवा. जागा कमी असेल आणि मोठी रक्कम शांतपणे ठेवून द्यायची असेल, तर सोनं. चांदीचा भाव सोन्यापेक्षा जास्त हेलकावे खातो, कारण तिची मागणी सौर पॅनेलपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत कारखान्यांवरही अवलंबून असते. तेवढ्याच किमतीची चांदी वजनाने सोन्याच्या कित्येक पट भरते, त्यामुळे ती ठेवायची कुठे हे आधी ठरवावं लागतं. छोट्या रकमेने सुरुवात करणाऱ्याला मात्र चांदी परवडते, हेही खरं.

आता नाणं की बिस्किट. गुंतवणुकीचं प्रसिद्ध नाणं सहसा सरकारी टांकसाळीचं असतं, जगभर ओळखलं जातं आणि गरजेपुरतं एकेक विकता येतं. सोन्याच्या नाण्यांत दक्षिण आफ्रिकेचा क्रुगररँड 1967 पासून, कॅनडाचा मेपल लीफ 1979 पासून, अमेरिकेचा ईगल 1986 पासून आणि ऑस्ट्रियाचा फिलहार्मोनिक 1989 पासून निघतो. बिस्किटात घडणावळ कमी लागते, म्हणून तेवढ्याच पैशात थोडा जास्त धातू हाती येतो. मात्र ते कोणत्या रिफायनरीचं, म्हणजे धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याचं आहे, याला फार महत्त्व. लंडन बुलियन मार्केट असोसिएशन या लंडनच्या सोने-चांदी बाजाराच्या संघटनेच्या 'गुड डिलिव्हरी' (मान्यताप्राप्त) यादीतल्या रिफायनरीचं, अनुक्रमांक असलेलं आणि सीलबंद बिस्किट विकताना त्रास देत नाही. 1 ग्रॅमची बिस्किटं दिसायला आकर्षक असली तरी प्रतिग्रॅम सर्वांत महाग पडतात. उलट, एक किलोचं एकच बिस्किट घेतलं आणि पुढे थोडेच पैसे लागले, तर त्याचा तुकडा पाडून विकता येत नाही. माझा कल मधल्या वजनांकडे आहे: सोन्यात 10 ग्रॅम ते एक औंस (सुमारे 31 ग्रॅम), चांदीत एक औंसाची प्रसिद्ध नाणी किंवा ठेवायची सोय असेल तर किलोची वीट.

रंगीत छपाईची, "मर्यादित आवृत्ती"ची, मखमली डबीतली नाणी गुंतवणूक म्हणून घेऊ नका. त्यांत तुम्ही डबीचे आणि हौसेचे पैसे मोजता. विकायला गेलात की बहुतेक जण फक्त धातूचे देतात.

शुद्धता आणि वजन तपासताना इथला औंस ट्रॉय औंस असतो, म्हणजे 31.1035 ग्रॅम, हे लक्षात ठेवा. सोन्याचे क्रुगररँड आणि ईगल 22 कॅरेटचे असतात, पण म्हणून त्यांत सोनं कमी नसतं. क्रुगररँडचं एकूण वजन 33.93 ग्रॅम, त्यात पूर्ण एक औंस चोख सोनं आणि वरचं तांबं. तांब्यामुळे नाण्यावर ओरखडे कमी पडतात. मेपल लीफचा टंच 999.9, म्हणजे हजारात 999.9 भाग सोनं, त्यामुळे तो मऊ असतो आणि जपून हाताळावा लागतो.

घरच्या घरी करता येणारी एक चांगली चाचणी सांगतो. ती सुट्या नाण्यासाठीच आहे; सीलबंद वस्तूचं सील त्यासाठी फोडू नका. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. एक औंसाचं चांदीचं नाणं बारीक दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा. चांदी खरी असेल तर काटा साधारण 2.96 दाखवतो. चांदीचा मुलामा दिलेलं तेवढ्याच वजनाचं तांबं असेल तर आकडा 3.47 च्या आसपास जातो. 31.1 ग्रॅम चोख सोन्याला तो 1.61 यायला हवा. पण सोन्याच्या बाबतीत एवढ्यावर विसंबू नका. टंगस्टन या धातूची घनता सोन्याएवढीच, दर घन सेंटीमीटरला 19.3 ग्रॅमच्या जवळ असते, आणि आत टंगस्टन भरलेली बिस्किटं या चाचणीत सहज उत्तीर्ण होतात. जाड बिस्किट असेल तर ध्वनिलहरींची किंवा विद्युतवाहकतेची तपासणी करणाऱ्याकडेच जा. भावापेक्षा स्वस्तात कोणी सोनं देऊ करत असेल, तर तपासणीपर्यंतही जाऊ नका.

घरी आणल्यावर नाणी पुसू, घासू नका. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते, त्याने धातूचं वजन घटत नाही. घासल्याने मात्र पृष्ठभाग बिघडतो आणि नाण्याला कमी भाव येतो. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, नाणी घट्ट कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या मापाच्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा. लॉकर घेतला तर आतल्या वस्तूंचा विमा आपोआप असतोच असं नाही, ते विचारून घ्या. पावती, अनुक्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो धातूपासून वेगळ्या जागी ठेवा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा सांगून ठेवा.