नेपाळच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेल्यांनी वहीत काय लिहू नये

सांस्कृतिक मानवशास्त्र परदेशात जाऊन शिकायचंय म्हटलं, की आपल्याकडे घरचे आधी खर्च विचारतात. जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींना नेपाळ त्या मानाने परवडतो. व्हिसा लागत नाही. भुसावळहून गोरखपूरची गाडी, पुढे सोनौलीची हद्द आणि तिथून काठमांडूची बस. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६० रुपये, हा दर १९९३ पासून तोच आहे.

आता कडू बोलते. दोन आठवड्यांत कोणी मानवशास्त्रज्ञ होत नाही. मालिनोव्स्की हा नावाजलेला मानवशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ च्या दरम्यान पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोन लांब मुक्काम करून राहिला, तिथली भाषा शिकला. आपण सहभागी निरीक्षणाची, म्हणजे लोकांत राहून त्यांच्यासारखं जगत बघण्याची, पद्धत त्याची सांगतो आणि पंधरवड्यात काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवारांवर ‘नेवार समाज : एक अभ्यास’ करून मोकळे होतो. विषय लहान करा. एक चौक, एक घर, एक जेवण. तेवढंही जड जातं.

खरी गोम पुढे आहे. काठमांडूजवळच्या पाटण नाहीतर भक्तपूर या नेवारांच्या जुन्या शहरांत उतरलं, की पाट्या देवनागरीत, चौकात गणपती, दुकानदार हिंदीत बोलणारा. घाबरत गेलेलं पोरगं पहिल्याच दिवशी निवांत होतं आणि तिथेच घात होतो. आमच्या तुकडीत जवळपास प्रत्येकाच्या वहीत एक ओळ सापडायची : ‘पंगत बसली, आपल्यासारखीच.’ झालं, पेन खाली.

गुठी म्हणजे नेवारांची पिढीजात धार्मिक-सामाजिक मंडळी. तिचं भोज असतं तेव्हा काय दिसतं बघा. गवती चटईवर रांग, पुढ्यात पानांच्या पत्रावळी, त्यावर चिउरा म्हणजे पोहे, चवळी, भाजी, मांस. वरवर पंगतच. पण पहिल्या जागेवर थकाली, म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ माणूस, आणि पुढे मानाने उतरती रांग. बळीच्या जनावराच्या डोक्याचे भाग, डोळा, कान, जीभ, ठरलेल्या क्रमाने ज्येष्ठांना वाटले जातात. म्हणजे त्या गुठीतला अख्खा मान-क्रम तुमच्या समोर मांडी घालून बसलेला असतो आणि तुम्ही ‘आपल्यासारखीच’ लिहून चिउऱ्याचा फोटो काढता! कोण कुठे बसलं, कोणाला आधी वाढलं, वाढणारं कोण, कोण बसलंच नाही, हे त्याच रात्री लिहा. सकाळी निम्मं उडालेलं असतं.

गुठी म्हणजे नुसती जेवणावळही नव्हे. देवळं, जत्रा, अंत्यविधी आणि त्यासाठी राखलेल्या जमिनी, सगळं तिच्यात गुंतलेलं आहे. २०१९ मध्ये सरकारने गुठीचा कायदा बदलायला घेतला तेव्हा काठमांडूत एवढी माणसं रस्त्यावर उतरली, की विधेयक मागे घ्यावं लागलं.

पण घाबरू नका, खान्देशातून जाणाऱ्याला हे जमतं. कानबाई देवीचे रोट कोणी खायचे आणि कोणाला द्यायचे नाहीत, हे आपल्या घरात पोरांना न सांगता कळतं. तीच नजर तिथे लावायची. दुसरं असं, की पुण्याचा पाहुणा आला की आपल्या घरातली अहिराणी कशी गप्प होते, हे आपण पाहिलेलं आहे. पाटणमध्येही घरात नेपाळभाषा, म्हणजे नेवारांची स्वतःची, नेपाळीहून वेगळी बोली, चालते आणि तुम्ही दारात आलात की नेपाळी किंवा हिंदी सुरू होते. हिंदीत मिळालेलं उत्तर पाहुण्यासाठीचं आहे, हे धरूनच चाला. इंग्रजी कच्चं म्हणून रडायचं तर मुळीच कारण नाही.

गूगल फॉर्म भरून घेणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. वीस घरांतून एकसारखी उत्तरं आणायची, तर हद्द ओलांडायची कशाला? मार्गदर्शकही पारखून घ्या. शेवटच्या पीपीटीचीच चौकशी करणारे सर नकोत. रोज संध्याकाळी तुमची कच्ची वही मागणारे भेटले, तर त्यांचा तिरसटपणा खुशाल सोसा.

फोटो विचारून काढा, पूजेच्या वेळी तर नक्कीच. मांस बहुधा म्हशीचं असतं. खात नसाल तर वाढायच्या आधी सांगा, पानात टाकून उठू नका.

आणि विमानाने जाणार असाल, तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र काढून ठेवा. आधार कार्डावर कॉलेजच्या पोरांना जाऊ देत नाहीत आणि मतदार कार्ड हातात यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच करा.