उसाला युरिया देताना नत्र कसा राखावा

वाळवा, पलूस, मिरजेकडच्या काळ्या रानांत उसाच्या सरीत युरिया फोकून मागून पाटपाणी सोडण्याची रीत सर्रास दिसते. त्यात नुकसान कसे होते हे कळण्यासाठी नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, रूपे ओळखावी लागतात. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो. ओल लागताच मातीतील युरिएज हे विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते आणि चुनखडीच्या जमिनीत दाणे उघडे राहिले, तर त्यातील नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो. खात्री करायची असल्यास तंबाखूच्या डबीतला ओला चुना अमोनियम सल्फेट या खताच्या चिमटीत कालवून पाहावा. नाकाला झोंबतो तो अमोनिया. म्हणूनच चुना आणि अमोनियमची खते कधीही एकत्र करू नयेत.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो नत्राची शिफारस आहे. तो सगळा युरियातून द्यायचा झाल्यास पावणेआठ गोण्या लागतात; परंतु डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरत असाल, तर त्याच्या ५० किलोच्या गोणीमागे ९ किलो नत्र वजा करावा. हा हिशेब गोण्यांवर न करता नत्रावर करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला भर लावताना, उरलेला ४० टक्के नत्र द्यावा.

वापसा (ना चिखल, ना कोरडी अशी ओल) असताना वरंब्याच्या बगलेत, बुडख्यापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, पहारीने तितकेच खोल भोक पाडून त्यात खत घालावे आणि टाचेने माती दाबून तोंड बुजवावे. पुढचे भोक ३० सेंटिमीटरवर घ्यावे. मजुरी वाढते हे खरे, पण मातीने झाकलेला अमोनिया तिथेच अमोनियम होऊन चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड चोळल्यास अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण नायट्रेट मातीला चिकटत नाही, जादा पाण्याबरोबर मुळांखाली उतरते. सरीत पाणी तुंबून हवा कोंडली, तर जिवाणू त्याच नायट्रेटचे नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन वायू करून टाकतात. त्यामुळे खतानंतरचे पाणी हलके द्यावे. मोठ्या बांधणीनंतर मात्र युरिया देऊ नये. उशिरा मिळालेल्या नत्राने शाकीय वाढ लांबते आणि साखर उतारा घटतो.