वर्डप्रेस प्लगइनमध्ये सुरक्षा त्रुटी सापडली? वेबसाइट मालकांना सूचना अशी पाठवा

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवण्याचं सॉफ्टवेअर, आणि प्लगइन म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम. ‘महत्त्वाचं सुरक्षा अपडेट’ एवढाच विषय असलेला मेल फारसं कुणी उघडत नाही.

१. विषयातच प्लगइनचं नाव आणि ‘आजच अपडेट करा’ लिहा.
२. पहिल्या वाक्यात सांगा: कोणत्या आवृत्तीपर्यंत धोका आहे, दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आहे.
३. दुरुस्ती आलीच नसेल तर ‘बंद करा’ एवढ्यावर थांबू नका, ‘काढून टाका’ असं स्पष्ट लिहा. बंद प्लगइनच्या फायली सर्व्हरवर तशाच पडून असतात, काही वेळा बाहेरून थेट उघडताही येतात.

डाउनलोडची लिंक मात्र देऊ नका, वेबसाइटच्या डॅशबोर्डमधूनच (नियंत्रण पानावरूनच) अपडेट करायला सांगा. डिसेंबर २०२३ मध्ये वर्डप्रेसच्या नावाने खोटे मेल फिरले होते. त्यांत सीव्हीई क्रमांकसुद्धा (सुरक्षा त्रुटीला दिला जाणारा ओळख क्रमांक) होता, आणि ‘पॅच’ (दुरुस्ती) म्हणून दिलेलं प्लगइनच घातक होतं.